पूर्ण मिनिट

बस, अश्लेषा. स्टूल ओढ.
पहाटेचे साडेतीन वाजलेत,
या वेळेला परळसुद्धा जरा हळू बोलतं.
काही खाल्लंस का? नाही?
मग पहिला धडा हाच:
उपाशीपोटी ड्युटीवर येणारी मुलगी
दुपारपर्यंत स्वतःच पेशंट होते.
पिशवीत चपाती-भाजी आहे. खात खात ऐक.

चादरीचा कोपरा तू सुरेख दुमडतेस,
ट्यूटरबाई खूश होतील.
पण वरून एकदा हात फिरवून बघितलास?
बिस्किटाचा चुरा, सुईचं टोपण, एखादी शिवण...
ज्याला कूस बदलता येत नाही
त्याच्या पाठीला चुऱ्याचाही दगड होतो.

सिनियर मुली सांगतील, मावश्यांशी फार बोलू नकोस.
त्यांचं ऐकू नकोस.
आमच्या यमुनामावशी अठ्ठावीस वर्षं बेडपॅन उचलतायत,
नुसत्या वासावरून सांगतात
कुणाच्या पोटात रक्त चाललंय.
राउंडच्या डॉक्टरांना गुड मॉर्निंग म्हणशीलच,
त्याआधी मावशींना चहा विचार.

आणि दुखणं. ते इथे पाच भाषांतून येतं.
दर्द, दुखे छे, पिरात बा,
नोप्पि म्हणते ती धारावीची तेलुगू आजी,
आणि ससून डॉकवरची कोळीण
काहीच म्हणत नाही, फक्त पलंगाची कड धरते.
वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव.
कड धरणंसुद्धा लिही.

अ‍ॅनाटॉमी गच्चीवर मोठ्यानं वाच.
मराठी शाळेतून आलीस म्हणून मान खाली घालू नकोस,
मीही राहुरीची.
स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड म्हणायला मला महिना लागला,
आणि एवढं नाव असून
तो नुसती मान वळवतो, बाई.

आता एक गोष्ट. ही मी इंटरव्ह्यूत सांगितली नव्हती.
दुसऱ्या वर्षाला होते. वॉर्डात दोन सुमन,
अकरा नंबर आणि बारा नंबर.
मी विचारलं, "तुम्ही सुमन ना?"
ती हो म्हणाली. होतीच ती सुमन.
इन्सुलिन भलत्या दंडात गेलं.
पाचव्या मिनिटाला मी सिस्टरांसमोर उभी होते,
पाय लटलटत होते, पण सांगितलं.
रात्रभर साखरपाणी, ग्लुकोज, दर तासाला बोटाला सुई.
सकाळी ती म्हणाली, "पोरी, किती गोड पाजतेस गं."
तिला शेवटपर्यंत कळलं नाही, की कळलं होतं,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
म्हणून नाव आपण सांगायचं नाही. विचारायचं.
पूर्ण. आडनावासकट.
आणि चुकलीस तर त्याच पाच मिनिटांत सांग.
लपवलेली चूक शिफ्ट संपली तरी घरी जात नाही.

रिपोर्टात "पेशंट ठीक" लिहू नकोस.
ठीक म्हणजे किती मिली?

रडू येईल. सगळ्यांना येतं.
लिननच्या खोलीत, तिसऱ्या रॅकमागे जा,
तिथली भिंत आमच्या पाठींनी गुळगुळीत झालीये.
मग तोंड धू. हात धू. हात पुन्हा धू.

झालं खाऊन? ये इकडे.
माझं मनगट धर. तीन बोटं, इथे.
अंगठा नको,
अंगठ्याला स्वतःची नाडी असते,
समोरच्याची समजून
तू स्वतःलाच मोजत बसशील.
आयुष्यभर बसतात काही जणी.

घड्याळाकडे बघ.
अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या पुष्कळ.
तू पूर्ण मोज.
माझा एक ठोका मध्येच गळतो,
गेल्या दिवाळीपासून,
अर्ध्या मिनिटात तो सापडत नाही.
कुणाला सांगितलेलं नाही अजून.

अशी बघू नकोस माझ्याकडे.
मोज.